सत्कार त्यागाचा आणि कामाचा

सत्कार-समारंभांची आपल्याकडे वाण नाही. खेड्यापाड्यांत उभे आयुष्य घालविलेल्या एखाद्या कार्यकर्त्याला शहरात बोलावून आणावयाचे, शाल-श्रीफळ द्यावयाचे, मानपत्र वाचावयाचे, आणि श्रोत्यांनी भारावून घरी जावयाचे, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. या प्रथेला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. समाजाने आपल्या सेवकांची आठवण ठेवावी, निदान वर्षातून एखाद्या संध्याकाळी तरी ठेवावी, हे योग्यच होय. परंतु मानपत्रांची भाषा जरा लक्षपूर्वक ऐकली, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. सत्कारमूर्ती चंदनासारखी झिजलेली असते, समईसारखी जळलेली असते. त्यागाची मूर्ती, सेवेचा पुतळा, करुणेचा सागर ही विशेषणे एकामागून एक येतात. त्या व्यक्तीने नेमके काय केले, कोणती अडचण कोणत्या युक्तीने सोडविली, हे मात्र मानपत्र संपले तरी समजत नाही.

चंदन झिजते आणि समई जळते; पण दोघांनाही विचार करावा लागत नाही. खेड्यात काम करणाऱ्याला तो पावलोपावली करावा लागतो. त्याच्या झिजण्याचा आपण गौरव करतो आणि त्याच्या विचाराकडे दुर्लक्ष करतो. यात त्याचा अर्धाच सन्मान होतो, आणि आपले नुकसान मात्र पुरते होते. सत्काराचा हा अपुरेपणा पुढे केवढा महाग पडतो, हे एका उदाहरणाने दाखविण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत. उदाहरण आहे कोसबाडच्या अनुताई वाघ यांचे.

एक आयुष्य

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येत असे, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको. अनुताईंचे भाग्य एवढेच, की माहेरने त्यांना शाळेत घातले. पुण्यात त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १९२९ पासून काही वर्षे नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी शिक्षिकेचे काम केले. दिवसा शिकवावयाचे आणि रात्रशाळेत स्वतः शिकावयाचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पस्तिशीपर्यंतचा हा जीवनक्रम एका कष्टाळू शिक्षिकेचा आहे. चांगली शाळा, पक्की नोकरी आणि पुण्यातील वास्तव्य इतके सर्व हाती आलेले होते.

१९४५ साली बोरिवली येथे कस्तुरबा न्यासाच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले. तेथे अनुताईंची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाई तोवर बालशिक्षणाच्या क्षेत्रात सर्वमान्य झाल्या होत्या. १८९२ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. पदवीधर होऊन त्यांनी राजकोटला काम केले, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उभारण्यात भाग घेतला, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत त्या होत्या, आणि १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले होते. एवढे झाल्यावर स्वस्थ बसण्यास कोणतीच हरकत नव्हती. पण शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांसाठी जे केले ते खेड्यातील मुलांसाठी करता येईल काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्या वेळी ताराबाई ५३ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या अनुताई ३५ वर्षांच्या. अनुताई त्या भागातून पुन्हा परतल्या नाहीत. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर या कामाला जवळजवळ ४७ वर्षे झाली होती.

बोर्डी आणि डोंगराकडील मुलूख

बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. घोलवड स्थानकावर उतरले की जवळच. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. किनाऱ्याला वाड्या, बागा आणि शिकलेली वस्ती. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी तेथे शाळा नावारूपास आणली होती. पण किनारा सोडून पूर्वेकडे डोंगराच्या बाजूस वळले की वारली आणि इतर आदिवासींचे पाडे लागत. जमीन सावकाराची आणि जमीनदाराची, अंगमेहनत आदिवासींची. वेठबिगार तेथे राजरोस चालत होती. ज्या १९४५ साली बोर्डीची बालवाडी निघाली, त्याच साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली याच टापूतील वारली वेठीविरुद्ध उठले. मोठ्यांची ही स्थिती होती, तेव्हा त्यांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाची गोष्ट काढणे कित्येकांना थट्टेचे वाटले असेल तर नवल नाही.

आता शहरातील बालमंदिर कसे होते ते पाहू. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे आपले पहिले बालगृह काढले, ते एका गरीब वस्तीत. पण त्यांची पद्धत जगभर गेली आणि बहुतेक ठिकाणी श्रीमंतांच्या वाट्याला आली. कारण तिची साधने घोटीव लाकडाची, मोजूनमापून केलेली, आणि महाग. शिवाय त्या पद्धतीला स्वच्छ, खाऊनपिऊन आलेले, वेळेवर शाळेत पोचणारे मूल लागते. पाड्यावरचे मूल यांपैकी कोणत्याच अटीत बसत नव्हते. मग मूल अपात्र ठरवावयाचे की पद्धत बदलावयाची? ताराबाई आणि अनुताई यांनी पद्धत बदलली. त्यांच्या कामाचे मर्म येथेच आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो.

मुले येत नाहीत, तर शाळेने जावे

पहिली अडचण अशी, की गावात मध्यभागी बालवाडी काढली तरी गरीब वस्त्यांतील मुले तेथवर येत नसत. आई-बाप पहाटेच कामाला जात. मुलाला कोणी आणून सोडावयाचे? यावर उपाय निघाला तो बिनखर्चाचा. मुले आपल्या अंगणात खेळत असतात, तर तेथेच जाऊन बसावे. वस्तीतील एखाद्या घरचे अंगण सारवून घ्यावे, त्यांच्या सवडीची वेळ धरावी, आणि आसपासची मुले गोळा करून गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावेत. गावातील मध्यवर्ती बालवाडी आणि तिच्या जोडीला अशा अंगणातील बालवाड्या, अशी दुहेरी योजना बोर्डीला आकाराला आली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशाच्या कानाकोपऱ्यात गेला आहे. तो या अंगणांतून निघालेला आहे, हे आपणा मराठी माणसांना तरी ठाऊक असावे.

दुसरी अडचण स्वच्छतेची. शहरातील बालमंदिरात स्वच्छता घरून येते. येथे ती बालवाडीतच सुरू व्हावयास हवी होती. म्हणून हातपाय धुणे, आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हाच पहिला तास झाला. हे काम शिक्षणाच्या आधीची पूर्वतयारी म्हणून नाखुषीने केलेले नव्हते. पाणी ओतताना तांब्या मोजावा, फणी फिरवताना गाणे म्हणावे, शेजारच्या लहानग्याचे तोंड मोठ्या मुलाने धुवावे, यातूनच भाषा, गणित आणि सहकार्य शिकविले जात होते. शिक्षिकेने मुलाला हात लावणे याला त्या समाजात आणखी एक अर्थ होता. ज्यांच्या सावलीपासूनही कित्येक पांढरपेशे दूर राहत, त्यांच्या मुलांना शहरातून आलेली बाई मांडीवर घेऊन न्हाऊ घालीत होती. पाड्याचा विश्वास मिळाला तो व्याख्यानाने मिळाला नाही.

तिसरी अडचण साधनांची. महागडे ठोकळे आणावयास पैसा नव्हता. पण शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काटक्या, माती यांना तोटा नव्हता. लहान-मोठ्या शिंपल्यांची रांग लावली म्हणजे क्रम समजतो. चिंचोक्यांचे ढीग केले म्हणजे बेरीज समजते. सुकलेल्या शेंगांचे खुळखुळे कानाला आवाजातील भेद शिकवितात. निरनिराळी पाने बोटांना खरखरीत आणि गुळगुळीत यांची ओळख करून देतात. माँटेसरींच्या साधनांमागील तत्त्व, म्हणजे मुलाने इंद्रियांनी जग ओळखावे हे, जसेच्या तसे राहिले. लाकूड तेवढे गेले. यात काटकसरीहून मोठा लाभ होता. ज्या वस्तू मुलाच्या रानात आहेत त्याच शाळेत मानाने मांडलेल्या पाहून त्याला शाळा आपली वाटू लागली. भाषेचेही तसेच. पुस्तकी मराठी एकदम लादण्याऐवजी मुलाच्या बोलीतील शब्दांपासून प्रारंभ करावयाचा, हे धोरण होते.

१९५६-५७ च्या सुमारास संस्था बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीच्या अगदी निकट गेली. येथे चौथी अडचण पुढे आली. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरे राखतो. गुरे सोडून तो शाळेत आला तर घरच्या पोटाला चिमटा बसतो. त्याच्या बापाला शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारी भाषणे करणे सोपे होते. कोसबाडला वेगळे केले गेले: शाळा कुरणात गेली. गुरे चरत असताना झाडाखाली मुले जमवावयाची, आळीपाळीने गुरांवर लक्ष ठेवावयाचे, आणि मधल्या वेळात अक्षरे, आकडे, गोष्टी, निसर्गनिरीक्षण चालवावयाचे. हीच कुरणशाळा.

मुलींची अडचण आणखी निराळी होती. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलीला शाळेत आणावयाचे तर त्या भावंडाची सोय झाली पाहिजे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात ठेवण्यात आली. मुलगी तान्ह्याला पाळण्यात, मधल्याला बालवाडीत सोडते आणि स्वतः वर्गात जाऊन बसते. मध्येच उठून तान्ह्याला पाहूनही येते. या योजनेला 'विकासवाडी' असे नाव दिले गेले. गैरहजर मुलींची यादी करणारे पुष्कळ असतात. यादीमागे असलेले कडेवरचे मूल दिसण्यासाठी मात्र पाड्यावर राहावे लागते.

आयुष्यभर म्हणजे काय

ही सर्व हकिकत वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. यांतील एकही युक्ती अवघड नाही. अंगण, शिंपला, कुरण, पाळणा या सर्व गोष्टी समोरच होत्या. तरीही त्या सुचण्यास कोणीतरी तेथे जाऊन राहावे लागले. पहिल्या वर्षी न आलेले मूल दुसऱ्या वर्षी का आले नाही हे पाहण्यास दोन वर्षे लागतात. बालवाडीतील मूल शिकून शिक्षक झाले की नाही हे पाहण्यास वीस लागतात. आजीव सेवेचा अर्थ आपण सामान्यतः 'आयुष्य देऊन टाकणे' असा करतो. आमच्या मते तिचा आणखी एक अर्थ आहे. दीर्घ मुदत हे ज्ञान मिळविण्याचे एक साधन आहे, आणि काही प्रकारचे ज्ञान त्याच साधनाने मिळते.

अनुताईंना याची जाणीव होती, हे त्यांच्या लेखनावरून दिसते. त्यांनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन लिहिले, त्याचप्रमाणे बालवाडी कशी चालवावी याची कामाची पुस्तके लिहिली. 'शिक्षण पत्रिका' त्यांनी चालविली. बालवाड्या चालविणाऱ्या सेविकांचे वर्ग घेतले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई निवर्तल्या; त्यानंतर संस्थेची धुरा अनुताईंनी वाहिली. पुढे सत्तरी ओलांडल्यावर, १९८२ साली, 'ग्राममंगल' या नव्या संस्थेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. आपण गेल्यावर काम चालावे, यासाठी ते दुसऱ्याला शिकविता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. अशी व्यक्ती स्वतःला पूजेचा विषय समजत नाही; आपले काम अभ्यासाचा विषय व्हावे असे तिला वाटते.

सन्मान आले, आणि नंतर

सन्मान आले नाहीत असे नाही. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. अनुताईंना महाराष्ट्र शासनाने दलितमित्र म्हणून गौरविले; त्यांना पद्मश्री मिळाली आणि जमनालाल बजाज पुरस्कारही लाभला. अशा सन्मानांचा उपयोग असतो. टेकडीवरच्या कामाकडे दिल्ली-मुंबईचे लक्ष जाते, देणग्या येतात, कामात नवे तरुण येतात. परंतु या कामाचा सर्वांत मोठा सन्मान निराळ्याच रीतीने झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्राला नाव मिळाले 'अंगणवाडी'. आज देशात सुमारे १३ ते १४ लाख अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्याकडे पाठवणी, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण, अशी सहा कामे त्यांच्याकडे सोपविलेली आहेत. जगात एवढा मोठा बालसेवेचा पसारा क्वचितच कोठे असेल.

नाव गेले, पण नावाबरोबर काय काय गेले? बोर्डीच्या अंगणात शिक्षण हा गाभा होता आणि बाकीचे त्याच्या आधाराला होते. सरकारी अंगणवाडीत आहाराचा हिशेब, वजनाच्या नोंदी, सर्वेक्षणे आणि अहवाल यांतून शिक्षणाला किती वेळ उरतो, हे कोणत्याही सेविकेला विचारून पाहावे. आहार आणि लस ही कामे प्राणाइतकी महत्त्वाची आहेत. त्यांविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका बाईवर सर्व काही घालून तिच्या कामाला काम न मानण्याविषयी.

आता आम्ही ज्या मुद्द्याकडे येत आहोत, त्याचा सत्काराशी निकटचा संबंध आहे. अंगणवाडी सेविका ही सरकारी कागदोपत्री मानसेवी कार्यकर्ती आहे. तिला पगार नसतो, मानधन असते. हा शब्द नीट पाहावा. मान म्हणजे सन्मान. त्या सन्मानाप्रीत्यर्थ दिलेले धन ते मानधन. व्याख्यात्याला, परीक्षकाला, कधीमधी आलेल्या पाहुण्याला ते द्यावे हे ठीक. त्याचा चरितार्थ निराळ्या मार्गाने चालत असतो. परंतु जी बाई रोज केंद्र उघडते, वर्षानुवर्षे तेच काम करते, तिला 'मान' कशाचा? १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र सरकारने सेविकेचे मानधन दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये केले आणि मदतनीसाचे १,५०० वरून २,२५० रुपये. राज्ये आपापली भर घालतात आणि वेळोवेळी ती वाढवितात, हे खरे. तरीही ही वाढ मागण्यासाठी स्त्रियांना रस्त्यावर यावे लागते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये सेविका-मदतनिसांनी संप सुरू केला आणि तो जानेवारी २०२४ च्या अखेरच्या आठवड्यापर्यंत चालला.

न्यायालयांतही हा प्रश्न गेला आहे. अंगणवाडी सेविका सरकारी पद धारण करीत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले होते. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील सेविकांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, त्यांना १९७२ च्या उपदान कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच होय, असेही न्यायालयाने म्हटले. शब्दांच्या आड दडलेली वस्तुस्थिती न्यायाधीशांनी उघड करून सांगितली. ती आपणा समारंभप्रिय नागरिकांच्याही लक्षात यावयास हवी होती.

त्याग कोणाचा

येथे एक आक्षेप येईल. अनुताई पुण्यातील नोकरी सोडून गेल्या. त्यांनी पैशाकडे पाहिले नाही. मग आजच्या सेविकांनी पैशाची भाषा का करावी? पैसा आला की सेवावृत्ती जाते, असेही काही जण म्हणतात.

या आक्षेपाला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचा त्याग महाराष्ट्राला सुपरिचित आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले आणि पुरे केले. त्या काळात त्यांना दरमहा ७५ रुपये मिळत आणि निवृत्तीनंतर ३० रुपये पेन्शन ठरलेले होते. रक्कम अल्प होती. पण ती ठरलेली होती, हक्काची होती, आणि म्हातारपणाची सोय तीत धरलेली होती. त्यामुळे त्यांचा त्याग कमी प्रतीचा होता, असे कोणी म्हटले नाही. आजीव सेवेची संस्था काढणाऱ्यांना हे पक्के माहीत होते, की सेवकाचा संसार उघड्यावर पडला तर सेवाही उघड्यावर पडते.

त्यागाविषयी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. अनुताईंचा त्याग त्यांचा स्वतःचा होता. तो करावयाचा की नाही हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. पाड्यावरची एखादी स्त्री घर चालविण्यासाठी अंगणवाडीत कामाला लागते, तेव्हा तिच्या वतीने त्याग जाहीर करण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसऱ्याच्या नावाने उपास करता येतो. पण दुसऱ्याला उपाशी ठेवून आपल्या नावावर पुण्य मांडता येत नाही. कार्यकर्त्यांच्या त्यागाचे आपण इतके गोडवे गाइले, की सेवेच्या कामाला मोबदला नसतो ही समजूतच रूढ झाली. मानपत्रातील विशेषणे अशा रीतीने एखाद्या सेविकेच्या ताटापर्यंत पोचतात. सत्काराचा अपुरेपणा महाग पडतो, असे आम्ही प्रारंभी म्हटले ते याच अर्थाने.

मग सत्कार कसा करावा

सत्कार बंद करावेत असे आम्ही म्हणत नाही. ते अधिक चांगले करावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि शहरातील नागरिकांना ते सहज जमण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट, मानपत्रातून विशेषणे काढून क्रियापदे घालावीत. 'करुणामूर्ती' ऐवजी 'शाळेत पाळणा बांधला' असे लिहावे. तसे लिहावयाचे तर लिहिणाऱ्याला त्या गावी जाऊन यावे लागेल. तेही बरेच होईल. दुसरी गोष्ट, सत्कारमूर्तीला सत्काराला उत्तर देण्यासाठी पाच मिनिटे आणि प्रमुख पाहुण्यांना पाऊण तास, हे प्रमाण उलटे करावे. ज्याने ४० वर्षे एक प्रश्न हाताळला आहे त्याला आपण प्रश्न विचारावेत, त्याच्याकडून शिकावे, पाहुण्यांनी ऐकावे. तिसरी गोष्ट, थैली द्यावयाची तर ती व्यक्तीबरोबर कामालाही द्यावी, आणि एकदा देऊन मोकळे होण्याऐवजी दरवर्षी थोडी थोडी द्यावी. खेड्यातील संस्थेला एखाद्या सेवकाच्या पगाराची दहा वर्षांची हमी मिळाली, तर तिची किंमत चांदीच्या तबकाहून पुष्कळच अधिक आहे. चौथी गोष्ट, कार्यकर्त्याच्या हाताखाली शिकणारे कोण आहेत याची चौकशी करावी आणि त्यांनाही व्यासपीठावर बसवावे. कामाचा वारस असतो. पुतळ्याला तो नसतो. ताराबाईंच्या मागे अनुताई उभ्या होत्या, म्हणूनच १९७३ नंतर कोसबाडचा दिवा विझला नाही.

आणि पाचवी गोष्ट आपल्या अगदी हाताजवळची. प्रत्येकाच्या घराजवळ, शहराच्या गल्लीत किंवा झोपडपट्टीत, एखादी अंगणवाडी असतेच. तेथे एकदा जाऊन यावे. खोलीत उजेड आहे काय, मुलांना हाताळावयास काही आहे काय, पाण्याची सोय कशी आहे, सेविकेला रोज किती नोंदी लिहाव्या लागतात, हे पाहावे. ती ज्या मागण्या करते त्या वर्तमानपत्रात आल्या, म्हणजे 'पुन्हा संप' म्हणून पान उलटण्याआधी वाचाव्यात. आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला त्यांविषयी विचारावे. अनुताईंचे नाव एखाद्या चौकाला देण्यास एक ठराव पुरतो. त्यांचे काम जी चालविते तिला नीट वेतन आणि पुरेसा वेळ मिळवून देण्यास नागरिकांना वर्षानुवर्षे मागे लागावे लागेल.

आजीव सेवकांचे ऋण फेडता येत नाही, असे आपण मोठ्या नम्रतेने म्हणतो आणि त्या म्हणण्यातच सुटका करून घेतो. त्या ऋणाचा काही भाग फेडता येण्याजोगा आहे, आणि तो कोणाला द्यावयाचा हेही ठाऊक आहे. ती सेविका उद्या सकाळी केंद्राचे कुलूप उघडून, मुलांची तोंडे धुऊन, त्यांना रांगेत बसविणार आहे. सत्काराची पुढची सभा ठरविताना कार्यक्रम-समितीने तिला आधी विचारावे.